मुलांचे गुण आणि कॉलेजचा प्रवेश : नोंद कुठली, पाळी कुठली?



गळीत हंगाम आटोपला की आपल्या गट ऑफिसात येणाऱ्या माणसांचा प्रश्न बदलतो. जानेवारी-फेब्रुवारीत जो तो विचारतो, "आमची तोड कधी?" मे-जून उजाडला की तेच सभासद विचारतात, "पोराला एवढे एवढे टक्के पडले, कुठं नंबर लागेल?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेतकी खात्याच्या वहीत असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र कोणी शेजारी देतो, कोणी क्लासवाला देतो, कोणी पाव्हणा देतो. तिघांची तीन उत्तरे निघतात आणि घरात वाद सुरू होतो.

असा एक चुकीचा सल्ला आम्हीही दिला, हे आधी कबूल करून टाकतो. गेल्या साली आपल्या एका सभासदाचा मुलगा सीईटीच्या निकालाचा कागद घेऊन आमच्याकडे आला. ९२ च्या वर पर्सेंटाइल होते. बापाने दोन हंगामांच्या उसाच्या बिलातून शहरातल्या क्लासची फी भरली होती. पोरगे बारावीच्या वर्गात फारसे बसलेच नव्हते. परीक्षेच्या आधी आम्हीच त्याला म्हणालो होतो, "सीईटी महत्त्वाची. बारावीला नुसता पास झालास तरी चालतंय." तो पास झाला. भौतिकशास्त्र ४८, रसायनशास्त्र ४०, गणित ४५. बेरीज ३०० पैकी १३३. खुल्या प्रवर्गाला इंजिनिअरिंगसाठी या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, म्हणजे १३५ गुण लागतात. दोन गुणांनी पोराचे वर्ष गेले. सीईटीचा कागद हातात तसाच राहिला.

त्या दिवशी ठरवले, की या विषयाची नीट माहिती घेऊन सभासदांपुढे मांडायची. खाली दिलेले नियम २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंतचे आहेत.

आधी नोंद, मग पाळी

ऊसवाल्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. आपल्याकडे उसाची नोंद असते आणि तोडीची पाळी असते. नोंद नसेल तर ऊस कितीही भारी असो, टोळी फडात येत नाही. नोंद आहे म्हणून उद्याच तोड मिळते असेही नाही, ती पाळीप्रमाणे येते. नोंदीचे काम निराळे, पाळीचे निराळे.

मुलांच्या गुणांचेही तसेच आहे. काही ठिकाणी दहावी-बारावीचे गुण ही फक्त नोंद असते. ठरलेल्या टक्क्यांच्या वर असला की आत, खाली असला की बाहेर, आणि आत गेल्यावर पाळी दुसऱ्याच परीक्षेवर लागते. काही ठिकाणी मात्र गुणांवरच पाळी लागते, आणि तिथे अर्ध्या टक्क्याने माणूस शंभर जागा मागे जातो. म्हणून "गुणांना किंमत आहे का?" असे विचारून उपयोग नाही. पोराला जिथे जायचे आहे तिथे त्याचे गुण नोंदीला लागतात की पाळीला, हे विचारले पाहिजे. आमचा सल्ला चुकला तो इथेच. सीईटीवर पाळी लागते हे आम्हाला ठाऊक होते. बारावीवर नोंद होते, हे आम्ही विसरलो.

माणगाव तालुक्यातले एक फाटक

याचे चांगले उदाहरण आम्हाला रायगड जिल्ह्यात पाहायला मिळाले. कार्यक्षेत्रातल्या काही मुलांच्या प्रवेशासाठी पालकांबरोबर आम्ही माणगावला गेलो होतो. माणगाव म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला हातकणंगले तालुक्यातले माणगाव आठवते. तिथे मार्च १९२० मध्ये परिषद भरली होती आणि राजर्षी शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचा जाहीर गौरव केला होता. हे माणगाव वेगळे. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरायचा, पोलादपूर गाठायचे, मग महाड. महाडहून मुंबई-गोवा महामार्गाने माणगावकडे निघाले की वाटेत लोणेरे लागते. तालुका माणगाव. सगळा मुलूख भाताचा. आम्ही गेलो तेव्हा लावणी चालू होती आणि गुडघाभर चिखलात बाया रोपे लावत होत्या. उसाचे कांडे कुठे दिसले नाही.

या लोणेऱ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. राज्य सरकारने १९८९ च्या कायद्याने ते स्थापन केले. महाडचे चवदार तळे इथून जवळच आहे, जिथे बाबासाहेबांनी १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह केला. पाण्याच्या हक्कासाठी जिथे झगडा झाला, त्याच मुलखात त्यांच्या नावाने तंत्रशिक्षणाचे घर उभे राहिले, ही गोष्ट मनाला बरी वाटते.

आमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. या आवारात पदवीचे इंजिनिअरिंग आहे आणि पदविकेची, म्हणजे आपण ज्याला डिप्लोमा म्हणतो त्याचीही संस्था आहे. आमच्याबरोबर तीन मुले होती. तिघांना एकाच फाटकातून आत जायचे होते, पण तिघांच्या पाळ्या तीन निराळ्या कागदांवर लागणार होत्या.

पहिली, दहावी झालेली मुलगी. तिला डिप्लोमा करायचा होता. डिप्लोम्याला वेगळी प्रवेश परीक्षा नाही. दहावीच्या टक्क्यांवर गुणवत्ता यादी लागते. किमान ३५ टक्के ही नोंद, आणि त्यापुढे पाळीही दहावीच्याच गुणांची.

दुसरा, बारावी सायन्स झालेला मुलगा. त्याला पदवीच्या पहिल्या वर्षाला जायचे होते. त्याची पाळी सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीचे ४५ टक्के ही नोंद.

तिसरा, डिप्लोमा पुरा केलेला मुलगा. त्याला थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात जायचे होते. त्याला सीईटी द्यावी लागली नाही. त्याची पाळी डिप्लोम्याच्या टक्केवारीवर, नोंद ४५ टक्क्यांची.

दुपारी माणगावच्या एसटी स्टँडवर चहा घेताना त्या मुलीचे वडील म्हणाले, "म्हंजे माझ्या पोरीनं दहावीलाच निम्मं काम केलं म्हणायचं." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. दहावीला चांगले गुण पाडून डिप्लोमा, आणि डिप्लोमा चांगला करून पदवीचे दुसरे वर्ष, ही वाट आपल्या मुलांना फार सोयीची आहे. सीईटीच्या क्लासचा खर्च वाचतो, आणि मधे कुठे थांबावे लागले तरी हातात डिप्लोमा राहतो.

दहावीचे गुण कुठे लागतात?

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी जुनी अकरावीची मॅट्रिक पाहिलेली आहे. १९७५ साली दहावीची नवी पद्धत आली आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात गेली. तेव्हापासून दहावी हे पहिले मोठे वळण झाले.

दहावीच्या गुणांवर मुख्यतः तीन ठिकाणी पाळी लागते : अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय. अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेशपद्धत पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. २०२५-२६ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. म्हणजे "आपल्या ओळखीचं कॉलेज आहे, बघू" हे आता गावाकडेही चालत नाही. ऑनलाइन अर्ज, पसंतीक्रम आणि गुण, या तिन्हींवर काम होते.

दहावीला सहा विषय, ६०० गुण. त्यांतले उत्तम पाच विषय धरून ५०० पैकी टक्केवारी काढतात. एखाद्या विषयात पोरगे कच्चे असेल तर तेवढा आधार मिळतो. पण त्या विषयात पास व्हावे लागतेच, हे विसरू नये. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतील श्रेणी आणि खेळातील प्रावीण्य यांचे सवलतीचे गुण मिळतात. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. निकाल लागल्यावर जागे होऊन उपयोग नाही.

बारावीचे गुण : कुठे नोंद, कुठे पाळी?

सर्वांत जास्त घोटाळा बारावीत होतो, म्हणून एकेक अभ्यासक्रम घेऊन सांगतो.

इंजिनिअरिंगची पदवी : वर सांगितल्याप्रमाणे बारावी ही नोंद. भौतिकशास्त्र व गणित सक्तीचे. तिसरा विषय रसायन, किंवा नियमात मान्य असलेला दुसरा. तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के. पाळी सीईटीवर. दोघा मुलांचे पर्सेंटाइल अगदी सारखे आले तर आधी सीईटीतील विषयवार गुण पाहतात आणि मग बारावीचे. तेव्हा नोंदीचे काम झाल्यावरही बारावीचे गुण कधी कधी शेवटच्या क्षणी उपयोगी पडतात.

आयआयटी व एनआयटी : पाळी जेईई परीक्षेवर. नोंद मात्र कडक. बारावीला ७५ टक्के, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव. अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के.

डॉक्टरकी : पाळी नीट परीक्षेवर. नोंद भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांत मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के.

कृषी पदवी : राज्यात राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. पाळी सीईटीची. शेतजमीन असलेल्या कुटुंबातील मुलांना गुणवत्ता यादीत जादा गुणभार मिळतो. आपण सगळे शेतकरी, पण सातबाऱ्याचा कागद वेळेवर जोडायला विसरणारेही आपणच.

औषधनिर्माण : बी. फार्मसीला सीईटी लागते. डी. फार्मसीला मात्र बारावीच्याच गुणांवर यादी लागते. फार्मसी म्हणजे सगळे एकच, असे समजू नये.

वकिली, पाच वर्षांची : पाळी सीईटीवर, नोंद बारावीला ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना सवलत.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. : इथे पुष्कळ कॉलेजांत अजून बारावीच्या गुणांवरच यादी लागते. नावाजलेल्या कॉलेजांत ही पाळी फार चुरशीची असते. बी.बी.ए. आणि बी.सी.ए. यांना मात्र २०२४-२५ पासून सीईटी आली. त्या वर्षी पुष्कळ पालकांना हे कळलेच नाही.

यावरून ध्यानात येईल, की बारावीला "नुसता पास" हा सल्ला जवळजवळ कुठेच लागू पडत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

"पोराला ८० पडले" असे एक सभासद सांगत होते. आम्ही विचारले, टक्के की पर्सेंटाइल? ते म्हणाले, "त्यात काय फरक?" फरक मोठा आहे.

टक्के म्हणजे पेपरात शंभरापैकी किती गुण मिळाले. पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्या शंभर मुलांपैकी किती मुले तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या मागे आहेत. गाडीतळावर शंभर गाड्या रांगेत आहेत असे समजा. तुमच्या गाडीच्या मागे ऐंशी असतील, तर पुढे वीस आहेत. हे झाले ८० पर्सेंटाइल. सीईटीला लाखो मुले बसतात. म्हणजे पुढच्या वीस गाड्यांच्या जागी हजारो मुले असतात. त्यामुळे बारावीचे ८० टक्के आणि सीईटीचे ८० पर्सेंटाइल यांची तुलनाच करता येत नाही. ज्याला ९० पर्सेंटाइल आहे त्याने पेपरात ९० टक्के गुण मिळवलेत असेही समजू नये.

आणखी एक गोष्ट. सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीच्या ठरावीक धड्यांना आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमाला असतो. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष समजतात. आडसाली ऊस लावून पहिले सहा महिने भांगलण केली नाही तर पुढे कितीही खत घाला, टनेज भरत नाही. अकरावीचे तसेच आहे.

ही पद्धत अशी का आली?

वडीलधारे विचारतात, "आमच्या वेळी बारावीच्या गुणांवरच इंजिनिअर व्हायचे, मग हे नवीन कशाला?" प्रश्न रास्त आहे.

त्या काळी कॉलेजे थोडी होती. पुण्याचे १८५४ पासूनचे सरकारी कॉलेज, सांगलीचे १९४७ चे वालचंद, कऱ्हाडचे १९६० चे सरकारी कॉलेज, अशी बोटांवर मोजण्यासारखी. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. दादा सांगलीच्या साखर कारखान्याचे संस्थापक. आपली पोरे शिकायला कर्नाटकात का जावीत, ही त्यांची तळमळ होती. त्या निर्णयाने जागा वाढल्या, शेतकऱ्यांची मुले इंजिनिअर झाली. देणगीचा बाजारही सोबत आला, आणि १९८७ साली राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला.

बारावीच्या गुणांवर पाळी लावण्यात दुसरी अडचण होती. निरनिराळ्या बोर्डांची मुले एका यादीत कशी बसवायची? एका बोर्डाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता. दोन कारखान्यांच्या दोन काट्यांवर मोजलेला ऊस एकाच वहीत लिहिण्यासारखे ते होते. म्हणून सर्वांना एकच काटा, ती प्रवेश परीक्षा.

पण निव्वळ प्रवेश परीक्षा ठेवली की मुले कॉलेज सोडून क्लासला जातात. म्हणून मधला मार्गही काढून पाहिला. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी आपल्या राज्यात इंजिनिअरिंगची यादी निम्मे गुण जेईईचे आणि निम्मे बारावीचे धरून लागली. २०१६ पासून पुन्हा सीईटी. केंद्राच्या जेईईतही २०१३ पासून बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता, तो २०१७ पासून काढला. नियम असे हलत आले आहेत. थोरल्याच्या वेळचा नियम धाकट्याला सांगू नये, तो याचसाठी.

परदेशात आणखी निराळे. अमेरिकेत पुष्कळ कॉलेजे नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागवतात. एका परीक्षेवर सगळे अवलंबून नसते. आपल्याकडे तसे होत नाही असे म्हणावे, तर २०२१ साली कोरोनामुळे तेही पाहिले. परीक्षा रद्द झाल्या. दहावीच्या निकालात निम्मा भार नववीच्या गुणांना आला. बारावीला दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीचे अंतर्गत ४० टक्के असे धरले. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के, बारावीचा ९९.६३ टक्के लागला. पास तर जवळजवळ सगळेच झाले, पण नववी-अकरावी ज्यांनी हसण्यावारी नेली होती त्यांचे टक्के तिथे अडकले. कोणते वर्ष कधी मोजले जाईल याचा भरवसा नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

गुणांचा पैशाशी संबंध

आता बिलाच्या भाषेत बोलू. पुष्कळ सभासद म्हणतात, "गुण कमी पडले तर पैसे भरून मॅनेजमेंटमधून घेऊ." यात दोन चुका आहेत.

एक, खाजगी कॉलेजांत संस्थास्तरावरच्या जागा असतात हे खरे, पण तिथेही नोंदीची अट सुटत नाही. ज्या पोराचे १३३ गुण होते त्याला पैसे मोजूनही जागा मिळाली नसती.

दोन, ज्या फीसवलती सरकार देते त्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे पाळीने, मिळालेल्या जागेला असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शिवाय प्रत्येक कॉलेजात मंजूर जागांच्या पाच टक्क्यांपर्यंत शिक्षण शुल्क माफीच्या जादा जागा असतात, त्याही गुणवत्तेने मिळतात. चार वर्षांचा हिशेब मांडला, तर पाळीने मिळालेली जागा आणि पैसे देऊन घेतलेली जागा यांत कित्येक टन उसाचा फरक पडतो. पोराने अभ्यास केला तर तो उसाच्या बिलातच भर घालतो, असे समजावे.

गुण कमी पडले तर?

निकालात चूक वाटत असेल तर मुदतीत गुणपडताळणी करता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज देता येतो. नापास झाला तर पुरवणी परीक्षा आहे. पास झाला पण टक्के कमी पडले तर मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, तीतून पुन्हा बसता येते. खोडवा नीट राखला तर लागणीला मागे टाकतो, हे आपल्याला शिकवायला नको.

सभासदांनी एवढे करावे

१. दहावीच्या निकालाआधीच घरात बसून ठरवा : अकरावी, डिप्लोमा की आयटीआय. ज्या वाटेने जायचे तिथली नोंद किती टक्क्यांची आणि पाळी कशावर, हे दोन आकडे कागदावर लिहून भिंतीला लावा.

२. मुलगा क्लासला जातो म्हणून कॉलेज सोडू देऊ नका. प्रात्यक्षिकांचे गुण हजेरीने मिळतात, आणि नोंदीच्या बेरजेत तेच वाचवतात.

३. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला हे कागद बारावीच्या दिवाळीपर्यंत तयार ठेवा. जून महिन्यात तहसील कचेरीत उभे राहायला जागा नसते.

४. पसंतीक्रम भरताना जिथे खरोखर जायचे तेच कॉलेज पहिले लिहा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते.

५. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. पाव्हण्याच्या शब्दावर अर्ज भरू नका. आमच्या शब्दावरही भरू नका, आमचा अनुभव वर सांगितलाच आहे.

शेवटी त्या मुलाविषयी. त्याने श्रेणीसुधारसाठी पुन्हा फॉर्म भरला, सीईटीचाही भरला. क्लास सोडला, गावच्या ज्युनिअर कॉलेजातल्या मास्तरांकडे संध्याकाळी बसू लागला. त्याचे वडील परवा काट्यावर भेटले. आम्ही संकोचाने चौकशी केली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, औंदा दोन्ही वह्या बघतोय. नोंदीचीबी आणि पाळीचीबी."

प्रत्येक सभासदाच्या घरात या दोन वह्या वेळेवर उघडल्या जाव्यात, एवढ्याचसाठी हा लेख. कोणाला माहितीपुस्तिका समजावून घ्यायची असेल तर गट ऑफिसात यावे. येताना मुलालाही बरोबर आणावे.

कळावे.